वृंदाबायचा हिरवा दिवा

वृंदाबायला गाता येत नव्हतं, हे मी आधीच सांगून टाकते. नाय तर तुमी म्हनाल, गान्याचं एवढं मोठं शिक्षन घेनारी बाय, गळा कसा गोड असेल. कसला गोड. पितळेच्या टोपात उलथनं घासलं की होतं, तसा गळा. तिचं तिला ठाऊक होतं. स्वतःच बोलायची, "मावशी, मी गायले तर तुमची म्हैस आटेल."

सोनाय तिला पैल्याच दिवशी बोलली होती, "गाता येत नाय नि गान्याची परीक्षा देते? म्हनजे सैपाक येत नाय नि खानावळ काढली."

वृंदाबाय हसली नि वहीत लिहून घेतलं. ती सवयच होती तिची. तिला टोमना मारला तरी ती लिहून घ्यायची.

सोनाय म्हनजे माझी चुलतसासू. विचुंब्यात नि आजूबाजूच्या गावांत लगीन निघालं की पैलं बोलावनं सोनायला. आमच्या आगरी लोकांत लगीन धवलारीन लावते. मांडव घालायचा, हळद लावायची, नवरी बाहेर काढायची, ज्याचं त्याचं गानं असतं, त्याला धवला म्हनतात. तो म्हटल्याबिगर ते काम पुरं होत नाय. सोनाय पुढं म्हनायची, मी मागं. कसं, तर अर्धी ओळ तिची. तिचा आवाज खाली बसायच्या आत उरलेली अर्धी मी उचलायची. माझी सरायच्या आत तिची पुढली. मधे भोक पडता कामा नाय. ओळ मधे तुटली तर संसार मधे तुटतो, असं मानतात. वीस-बावीस वर्सं मी सोनायच्या मागं म्हटलं. पुढली ओळ कवा तोंडातून काढली नाय. तो मान तिचा.

तवा नवीन पनवेलच्या बिल्डिंगी उठत होत्या. आमची भाताची जमीन त्यातच गेली. नवरा मिठागरावर जायचा. मंग मिठागर गेलं, मंग तो पन गेला. मी बिल्डिंगीच्या कामावर घमेलं वाहायची, नि त्याच्या आधी सकाळी दोन घरची भांडी. त्यातलं एक घर वृंदाबायचं. घरात ती नि तिचा मोठा भाऊ. भाऊ कंपनीत शिफ्टला जायचा. ती मुंबईच्या कुठल्या मोठ्या कॉलेजात होती, पन तिथं रोज जायचं नसायचं. महिन्यातून दोन-तीनदा सरांना तोंड दाखवून यायची. बाकी दिवस घरात, त्या मशीनपुढं.

मशीन म्हनजे कॉम्प्युटर. आता पोरांच्या खिशात असतो, तवा आमी पैल्यांदा बघत होतो. कॉलेजनं तिला वापरायला दिला होता. काम झालं की ती त्याच्यावर जुनं लुगडं पांघरायची, चारी बाजूंनी खोचायची. मी एकदा बोलली, "पोराला पांघरून घालावं तसं घालतेस गो." तर बोलते, "पोर परवडलं मावशी, निदान रडून सांगतं तरी."

एक गानं त्या मशीनमधे घातलं की त्याचे आकडे व्हायला अख्खा दिवस जायचा. नि पनवेलची लाईट तुमाला ठाऊक हाय. सकाळी लावलेलं दुपारी चारला मरायचं. परत पैल्यापासून. ती ओरडायची नाय, कपाळ पन बडवायची नाय. उठायची नि मोरीत जाऊन भांडी घासायची. मी घासून पालथी घातलेली, तीच परत. दुसऱ्या दिवशी मी गेली नि टोप वेगळ्या जागी दिसले की मी समजायची, काल लाईट गेली होती.

ती आमच्यापाशी कशी आली तेही सांगते. तिच्या बिल्डिंगीच्या मागं एका घरी लगीन होतं. आमी मांडवात म्हनत होतो नि ही गॅलरीत उभी. दुसऱ्या दिवशी मी भांड्याला गेली, तर मला हात धरून खुर्चीवर बसवलं. खुर्चीवर. मला वाटलं, काय चोरीबिरी झाली नि माझ्यावर आळ.

"मावशी, तुमच्या गावात भजनाला पेटी असते ना?"

"हाय की."

"पेटीला पट्ट्या असतात. एक पट्टी सोडली की दुसरी. मधे काही नाही. बरोबर? काल तुमचा आवाज दोन पट्ट्यांच्या मधे उभा होता. घसरला नव्हता. उभा होता. तो नेमका कुठे उभा होता ते मला मोजायचंय."

"मोजून काय करनार?"

"लिहिणार. डिग्री मिळेल." मंग बोलली, "आणि पेटीवाले तुम्हाला बेसूर म्हणतात ना, त्यांना दाखवता येईल की तसं नाहीये."

हे तिला कोनी सांगितलं ठाऊक नाय, पन खरं होतं. आमच्या गावचे भजनी बुवा सोनायला तोंडावर बोलायचे, "तुमचं आपलं काय, शब्द असतात, सूर नसतो." सोनाय हसून सोडून द्यायची. पन घरी आली की तांदूळ निवडताना पुटपुटायची. म्हनून मी वृंदाबायला घेऊन सोनायकडं गेली.

पैली अडचन ही, की धवला लगनाबिगर म्हनत नाय. उगाच म्हटला तर कोनाचं तरी वाईट होतं. वृंदाबाय दोन दिवस ओटीवर येऊन बसली. वाद घातला नाय, नुसती बसली. तिसऱ्या दिवशी सोनायनं तोड काढली. पाटावर तांदूळ घातले, त्यावर दोन सुपाऱ्या मांडल्या. एक नवरा, एक नवरी. हळद लावली. "चला, लगीन हाय."

त्या दोन सुपाऱ्यांचं आमी किती वेळा लगीन लावलं ते देवाला ठाऊक. कारन वृंदाबायचं एकच पालुपद, "अजून एकदा." कुत्रा भुंकला, अजून एकदा. शेजारी कुकरची शिटी झाली, अजून एकदा. सोनाय एकदा वैतागून बोलली, "एवढ्यांदा लगीन लावलं, अजून यांना पोर कसं नाय झालं? नवऱ्या सुपारीला डाक्टर दाखव."

दुसरी अडचन आमच्या दोघींची. मशीनला एका वेळी एकच आवाज कळायचा. दोन आवाज एकात एक गेले की ते गोंधळायचं. ती बोलली, एकेकीनं म्हना. सोनाय पुढली अर्धी ओळ म्हनायची नि थांबायची, माझ्याकडं बघायची. मी नाय उचलली तर तिला पुढं जाताच येईना. मला तर सुरूच करता येईना. मंग वृंदाबायनं सोनायला आत चुलीपाशी बसवलं, मला ओटीवर, मधे दार लोटून त्यावर गोधडी टांगली. दोन्हीकडं दोन टेप. सोनायची ओळ मला दाराच्या फटीतून बारीक ऐकू यायची, नि मी माझी उचलायची. तिकडून सोनाय ओरडायची, "भागे, हायस का मेलीस?" तेही टेपमधे जायचं. मंग अजून एकदा.

आमी त्या वर्सात हजेऱ्या बुडवून तिच्यासाठी बसलो. मुकादम बोलायचा, "भागी काय आता शिनिमात जानार." मी घमेलं डोक्यावर घ्यायची. मला वाटायचं, एकदा हिचं काम होऊ दे. माझ्या पोरी दुसरी-तिसरीच्या पुढं गेल्या नाय. दुसऱ्याची पोर एवढी शिकते नि आपल्या गान्यावर शिकते, तर आपला हातभार लागू दे.

पन पैल्या वर्साच्या टेपी तिला आवडल्या नाय. कोंबडे, कुकर, सोनायच्या शिव्या. टेपचे सेल उतरले की टेप हळू फिरायची, आवाज जाड यायचा, नि मशीनचे आकडे खोटे यायचे. म्हनून दुसऱ्या वर्सी तिनं मुंबईवरून एक डबी आनली. दोन काड्यापेट्या जोडल्या तर होईल एवढी. तिला तीन दिवे. दोन कडांना लाल, मधे हिरवा. ती एक लोखंडी चिमटा गुडघ्यावर आपटायची, त्याचा आवाज टेपमधे घ्यायची, परत वाजवून त्या डबीला ऐकवायची. हिरवा दिवा लागला म्हनजे टेप बरी चाललीय. एवढंच काम त्या डबीचं. काम झालं की डबी बंद करायची राहून जायची. तिचं डोकं वहीत. डबी आमच्यापुढं, पाटाजवळ, सुपाऱ्यांच्या शेजारी.

आमी गायला लागलो की त्या डबीचे दिवे लागायचे. सोनायच्या आवाजाला लाल. माझ्या आवाजाला लाल. मधेच कवातरी हिरवा. आमाला कोनी काय सांगितलं नाय, पन लाल म्हनजे थांब नि हिरवा म्हनजे जा, एवढं रेल्वेच्या फाटकावरनं आमाला पन ठाऊक होतं.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी ती गेल्यावर सोनाय मला हळूच बोलली, "भागे, तुज्या ध्यानात आलं का? लाल लागला की पोर बोलते अजून एकदा."

"मंग?"

"मंग काय मंग. हिरवा लागला की तिला मार्क मिळत असतील. पोर एवढे दिवस नापास होते ती आपल्यापायी."

सोनाय तवा सत्तरीला आलेली. सत्तरीच्या बायनं गळा बदलला, माझ्या डोळ्यांदेखत. आवाज जिथं नेहमी उभा राहायचा तिथनं जरासा सरकवायचा, दिवा हिरवा झाला की तिथंच धरायचा. पैल्यांदा जड गेलं. नवी चप्पल चावते तसं चावायचं गळ्यात. मंग सवय झाली. मी तिच्या मागं, तिनं सरकवला तिथं मी सरकवला. आमची दोघींची चढाओढ पन लागायची, कोनाचा हिरवा जास्त वेळ राहतो. वृंदाबायला काय सांगितलं नाय. सांगायचं काय? तिला वाटू नये की आमी तिच्यावर उपकार करतो.

नि झालंही तसंच. "अजून एकदा" कमी झालं. एका बैठकीत दोन-दोन धवले व्हायला लागले. सोनाय खूश. पैल्या वर्सीच्या खराब टेपी पुसून वृंदाबाय त्यावरच हे नवे धवले भरायची.

आता बगा, ती खूश व्हायला पायजे होती ना. पन ती दिवसेंदिवस गप होत गेली. मशीनमधनं लांबच लांब कागद निघायचा, त्यावर आमच्या आवाजाची रेघ असायची. तो कागद खाटेवर पसरून ती तासन् तास बसायची. एकदा मी लादी पुसत होती, तर बोलली, "मावशी, माझा कान चुकला."

"कानात काय झालं?"

"गॅलरीतून मला जे ऐकू आलं होतं, ते इथे नाहीये. तुम्ही पेटीच्या पट्टीवरच गाता. अगदी बरोबर पट्टीवर. मधलं काही नाहीच."

मला वाटलं, चांगलंच झालं की. मी बोलली, "मंग पास ना?"

ती नुसती रेघेवर बोट फिरवत राहिली. मंग बोलली, "आकडा खोटं बोलत नाही." हे वाक्य ती पैलं पन बोलायची, पन तवा आनंदानं बोलायची.

एकदा तिनं सोनायला विचारलं पन. "आजी, तुम्ही लहानपणापासून असंच गाता?"

"हो तर. माज्या आयपासून असंच." सोनाय खोटं नाय बोलली. शब्द तेच होते, नवरा-नवरी तेच, हळद तीच. तिला वाटलं, पोर तेच विचारते.

तिचे सर एकदा पनवेलला आले. शर्टाच्या खिशाला दोन पेनं, चहात साखर नको. कागद उलगडून बघितले नि खूश झाले. "वृंदा, इतका स्वच्छ डेटा मी कधी पाहिला नाही. गावातल्या जुन्या गाण्यावरसुद्धा पेटीचा, रेडिओचा ताबा बसलाय, हे तू आकड्यांनी दाखवलंस. लिहून टाक. दिवाळीच्या आत दे. तुझी मुदत संपत आलीय."

ती बोलली, "सर, पण मला वाटलं होतं..."

"वाटण्याला इथे कुठे जागा आहे?" सर हसून बोलले. मी चहाचे कप उचलत होती. वाक्य माझ्या ध्यानात राहिलं, कारन ती उलट उत्तर द्यायच्या जागी कागद गुंडाळायला लागली.

त्या उन्हाळ्यात माझ्या थोरलीचं, सुनीचं लगीन ठरलं. मोरा गावचा मुलगा, तिथल्या बंदरावर मालाच्या होडीवर कामाला. मी नवरीची आय, पन सोनायच्या मागं म्हनायला दुसरी होती कोन. हळद लावता लावता मीच म्हटलं. वृंदाबाय आली होती. नवी साडी नेसली होती, ती पन धड नाय, निऱ्या सुटत होत्या. टेप तिच्या पिशवीत असायचीच, ती लावून तिनं मांडवाच्या खांबापाशी ठेवली. डबी नव्हती. लगनाला कशाला आनेल डबी.

हळदीचा धवला सुरू झाला. मांडवात शंभर बाया, पोरं, धूर, हळदीचा वास. दिवा नाय, काय नाय. सोनायचा आवाज गेला जिथं जायचा तिथं, नि मी उचलला. आमाला काय वेगळं केलं असं वाटलंच नाय. मी सुनीच्या पायाला हळद लावत होती नि सहज वर बघितलं, तर वृंदाबाय बसलेल्या बायांच्या मधे एकटी उभी. हातातली भाताची पत्रावळ वाकडी होऊन भात साडीवर सांडत होता, तिला पत्ता नव्हता.

वरात गेली, पाहुने गेले, मांडव सोडला. चौथ्या दिवशी आली. मी मांडवाचे बांबू मोजून देत होती. एवढी कामं पडलेली बघून ती पन बांबू उचलायला लागली. मंग बोलली,

"मावशी, घरी सुपाऱ्यांपुढे गाता ते वेगळं का गाता?"

"वेगळं कुठं? तेच तर."

"तेच नाही. मी कॉम्प्युटरवर लावून पाहिलं. लग्नात तुमचा आवाज पट्टीवर नाहीये. मी गॅलरीतून ऐकला होता तिथेच आहे. मग घरी काय होतं?"

तवा माझ्या ध्यानात आलं ती कशाबद्दल बोलते ते. मी हसली. मला वाटलं, आता सांगायला हरकत नाय, परीक्षा होत आली. मी बोलली, "अगो, तिथं दिवा नव्हता ना. घरी हिरवा दिवा लागायला लागतो."

"कसला दिवा?"

"तुज्या डबीचा. हिरवा लागला की तू पास. सोनायनं किती मेहनत केली त्यासाठी, तुला काय सांगू."

तिनं हातातला बांबू खाली ठेवला. टाकला नाय, ठेवला. नि त्यावरच बसली. मला वाटलं चक्कर आली, मी पानी आनायला धावली. पानी घेऊन आली तर ती वही काढून पानं उलटत होती. "आवाज पेटीच्या पट्टीवर आला तरच तो दिवा हिरवा होतो. कधीपासून, मावशी? नीट आठवा. मी डबी कधी आणली?" मी सांगितलं, ती आनलीस त्याच हप्त्यापासून. तिनं वही मिटली. म्हनजे त्या वहीतलं एक पन पान तिच्या कामाचं उरलं नव्हतं. नि ज्या टेपींत आमी खरं म्हटलं होतं, त्या तिनंच पुसल्या होत्या.

मला तिचा राग येतो अजून. एवढी शिकलेली, नि डबी बंद करायची सवय नाय. आमचा पन येतो. तोंड उघडून विचारलं असतं, "बाय, हा दिवा कसला?" तर काय बिघडलं असतं? पन आमची रीतच ती. शिकलेल्याला विचारायचं नाय, त्याला काय पायजे ते ओळखायचं नि करून मोकळं व्हायचं. अख्खा जलम आमी असाच काढला. मुकादमाचं, शेठचं, बिल्डिंगीतल्या बायांचं. त्यात कौतुक वाटायचं आमाला.

दुसऱ्याच दिवशी ती डबीबिगर आली. पाट मांडला, सुपाऱ्या मांडल्या. सोनाय गायला बसली नि गळा आपला सरळ पट्टीवर जाऊन बसला. परत म्हटलं, परत तेच. सुपाऱ्या दिसल्या की गळा हिरव्या दिव्याकडं जायचा. सोनाय रडकुंडीला आली. "मांडवात येतं गो, इथं नाय येत. माज्या हातात नाय ते." वृंदाबाय बोलली, "राहू दे आजी. पुढच्या लग्नात घेऊ." पन सुनीचं लगीन त्या साली आमच्याकडचं शेवटचं होतं. मंग चातुर्मास लागला. चार महिने लगनं नायत. नि श्रावनात सोनायला अर्धांग झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली.

राहिली सुनीच्या हळदीची एक टेप. त्यात पन मागून लाऊडस्पीकरवर बँजो वाजत होता. मशीनला त्यातून आमचा आवाज निवडता येईना. चार ओळी तेवढ्या स्वच्छ निघाल्या, बँजोवाला पानी प्यायला गेला होता तवाच्या. चार ओळींवर डिग्री देत नाय.

मंग तिनं मला धरलं. "मावशी, पुढची ओळ तुम्ही म्हणा. सोनायआजींची." तिच्या वहीत शब्द सगळे होते. ती शब्द वाचायची नि मी तोंड उघडायची. नाय आली. बावीस वर्सं जी ओळ कानाशी ऐकली ती गळ्यातून निघेना. मला फक्त ती संपताना कळायची, सुरू होताना नाय. आठ-पंधरा दिवस आमी झटलो. सोनाय बाजेवर पडून ऐकायची, नि मी चुकली की डावा हात आपटायची. मी दर वेळी चुकायची. शेवटी तिनं हात आपटायचं पन सोडलं.

दिवाळी जवळ आली. सरांचा निरोप आला, भाऊ घरात ओरडायचा. एकदा माझ्यासमोर बोलला, "लिहिलेलं आहे, टाइप झालेलं आहे, सर पास करायला तयार आहेत. नेऊन दे. कोणाला कळणार आहे?"

"मला कळलंय," ती बोलली.

भाऊ माझ्याकडं वळला. "मावशी, तुम्ही तरी सांगा हिला."

मी सांगितलं. लपवत नाय, मी पन तेच सांगितलं. बोलली, "बाय, दे ना तेच. आमाला काय वाईट वाटनार नाय. विचुंब्याला कोन येतंय विचारायला?"

ती खाटेवर त्या कागदांच्या मधे बसली होती. एक कागद उचलून माझ्यापुढं धरला. "मावशी, ह्यात तुम्ही नाही आहात. ह्यात ती डबी आहे. मी हे दिलं तर छापून येईल की तुमच्याकडे वेगळं काही नाहीच, सगळं पेटीचंच आहे. मग पुढे कोणी मोजायलाही येणार नाही. तुमचे भजनी बुवा बोलतात तेच मी डिग्री घेऊन बोलायचं?"

भाऊ दार आपटून गेला. ती उठली नि मोरीत भांडी घासायला बसली. लाईट होती तवा.

मंग ती मुंबईला जाऊन सरांना सगळं सांगून आली. अजून एक वर्स मागितलं, लगनाचा हंगाम मिळाला तर दुसऱ्या धवलारनी शोधीन बोलली. सर चिडले. डबी समोर ठेवायची चूक लिहून कशी द्यायची, त्यांचं पन नाव त्यात होतं. मुदत वाढली नाय. आधीच दोनदा वाढवली होती म्हने. कॉलेजची मानसं येऊन कॉम्प्युटर घेऊन गेली. त्या दिवशी मी कामाला होती. टेबलावर लुगडं घडी करून ठेवलं होतं.

कार्तिकात ती विचुंब्याला आली, दुपारची. हातात कापडी पिशवी, त्यात काय नव्हतं. आधी सोनायच्या बाजेपाशी गेली. वाकून बोलली, "आजी, कॉलेजातून नाव कमी केलं माझं. पत्र आलं." सोनायला कळलं. उजव्या डोळ्यातून पानी आलं, पन तिच्या त्या गेलेल्या बाजूचं पानी तसं पन येतच असायचं, त्यामुळं सांगता येत नाय. मी भाकरी नि सुकट वाढली. ती जेवली. पुन्यात कुठं तरी बँकेच्या कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहायची नोकरी मिळाली बोलली.

मी विचारलं, "मंग हे सगळं?"

"हे संपलं, मावशी."

आमाला चूक झाली म्हनून हात जोडायची पन सवय नाय, आमी तांदूळ देतो. मी तिच्या पिशवीत दोन पायली तांदूळ भरले. ती नको बोलली नाय. चप्पल घालता घालता उंबऱ्यात थांबली.

"मावशी, एक विचारायचं राहिलं. सोनायआजींची ओळ संपायच्या आत तुम्ही उचलता. मग तुम्ही श्वास कधी घेता?"

"तिच्या ओळीत घेते."

"ते कळतं. पण तिच्या ओळीत कुठे? सुरुवातीला, की तिचा आवाज वर जातो तिथे?"

एवढी वर्सं मी ते कवा बघितलं नव्हतं. मी बोलली, "ती वर गेली की माझी छाती आपोआप भरते. तिला वर जाताना बघून भरते." वृंदाबायनं मान हलवली. वहीसाठी हात पिशवीत घातला, तर तिथं तांदूळ. तशीच निघाली.

मी ओटीवरनं बघत होती. नव्या बिल्डिंगीकडं जानारा कच्चा रस्ता, दोन्हीकडं खडीचे ढीग. ती रस्त्याच्या मधनं चालली होती. एका हातात पिशवी, नि दुसरा हात हळूहळू वर चढत होता, वर जाऊन थांबत होता, मंग खाली येत होता. तोंडानं काय म्हनत होती का नाय, ते एवढ्या लांबून कळत नव्हतं. मागून विटांचा टेम्पो आला. त्यानं हॉर्न मारला, परत मारला. ती बाजूला झाली नाय. तिचा हात खाली आला, ओळ सरली, तवा झाली.